दुपारचं कुलूप

मालू आडात पडली तेव्हा मी खिडकीत होते, पण बाहेर बघत नव्हते. माझ्या लेकीच्या, कांताच्या डोक्यातल्या उवा काढत होते. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

आमचं घर मैदानाच्या समोर. निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. एका अंगाला जैनांची बस्ती, म्हणजे आमचं देऊळ, आणि त्याच्याभोवतीची आमची गल्ली. दुसऱ्या अंगाला तंबाखूच्या वखारी. मधे हे मैदान. मैदान म्हणायचं इतकंच. दोन बाभळी, खडीचा ढीग, चाक निखळलेली एक बैलगाडी आणि मधोमध गोड्या पाण्याचा आड. आडाला गुडघ्याइतका कट्टा, तोही एका बाजूनं ढासळलेला. सकाळ-संध्याकाळ आमच्या गल्लीतल्या बायका पाण्याला जायच्या. दुपार वखारीतल्या बायकांच्या पोरांची. आया आत तंबाखू चाळत बसलेल्या, पोरं बाहेर.

मालू त्यांतली थोरली, सात वर्षांची. धाकट्या बहिणीला, शालूला, कमरेवर घेऊन हिंडायची. शालूचे पाय जमिनीला लागायचे तरी घेऊन हिंडायची. त्या दुपारी शालूला खाली ठेवून ती आडात वाकली. चेंडू गेलता, असं एक पोर सांगतं. दुसरं म्हणतं, चेंडू नव्हताच, पारव्याचं घरटं होतं.

तिची आई नागुबाई वखारीतून धावत आली ती तशीच, भुवयांवर, पापण्यांवर तंबाखूची पिवळी भुकटी घेऊन. ती रडली नाही. तिला एकामागून एक शिंका येत होत्या, आणि लोक पोर वर काढत होते.

ही जर्मनीशी लढाई सुरू झाली, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट.

त्यानंतर दोन महिने मी कांताला उंबऱ्याबाहेर पाठवलं नाही. ती चार वर्षांची. खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि विचारायची, "आई, शालू खेळतीय, मी कधी?" मी म्हणायचे, उद्या. रोज उद्या म्हणायचे.

मग पारिसा आप्पांनी बस्तीत सांगितलं, की वडिलांच्या नावानं मैदान नीट करून देतो. पारिसा आप्पा म्हणजे नागुबाई जिथं काम करायची त्या वखारीचे मालक. माणूस वाईट नव्हता. मालू गेल्यापासून त्यांना झोप लागत नाही, असं त्यांच्या घरच्या बायका सांगत.

"ज्याला जे पायजे ते आत्ताच सांगा," ते म्हणाले. "मागनं कुरकुर नको. झोपाळा म्हणा, तालीम म्हणा, काय म्हणाल ते. पण समद्यांचं मिळून एक ठरवा."

गड्यांनी काय हवं ते चावडीवर सांगायचं आणि शाळेचे मारुतीराव मास्तर ते लिहून घेणार, असं ठरलं. बायका चावडीवर कुठल्या येणार? मास्तर आमच्या दारात आले. "वहिनी, तुम्ही कोल्हापूरला कॉलेजात गेलेल्या. बायकांचं तुम्ही लिहून आणा. गावात दुसरं कोण आहे?"

माझ्या नवऱ्यानं आतून हसून आवाज दिला, "लिहिती की. नावच ब्राह्मी ठेवलंय तिच्या बापानं. लिवण्याबिगार दुसरं काय येतंय तिला?"

आमच्यात पहिले तीर्थंकर आदिनाथ, त्यांच्या मुलीचं नाव ब्राह्मी, आणि लिपी त्यांनी पहिल्यांदा तिला शिकवली असं सांगतात. सासरी माझ्या प्रत्येक करपलेल्या भाकरीवर हा विनोद व्हायचा. त्या दिवशी मात्र मला तो गोड लागला. लग्नानंतर पाच वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी लिहायला सांगितलं होतं.

चार दिवस मी दारोदार फिरले. कांताला बोटाला धरून. रत्नाक्कांना पोरींसाठी झोपाळा हवा होता. नागपंचमीला झाडाला दोर बांधायचा तर गड्यांच्या पाया पडावं लागतं म्हणाल्या. कुणाला खडी उचलून तिथं मऊ माती हवी होती. कुणाला सावलीला लिंब.

तानीबाई नावाची एक म्हातारी होती, दात नसलेली. ती म्हणाली, "मला बसाय कट्टा लिव."

"आजी, मैदान पोरांचं आहे."

"मग मी काय निराळी हाय व्हय? धरून उठवाय लागतंय, भरवाय लागतंय. पोरच झालोय की मी."

शेजारच्या बाईनं लगेच भर घातली, "तो कट्टा केला तर गडी बसत्यात त्यावर इड्या वढत. 'गड्यांनी बसू नये' म्हणून लिवा. मोठ्या अक्षरात लिवा."

"मोठ्या अक्षरात लिहिलं तरी तुझा नवरा वाचणार आहे का?" रत्नाक्का म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मालू गेल्यानंतर त्या मैदानाचं नाव काढून कुणी हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नागुबाईकडे मी शेवटी गेले. वखारीच्या दाराशी, दुपारच्या सुट्टीत, ती भिंतीला टेकून भाकरी खात होती. शालू तिच्या मांडीवर. नागुबाईचा नवरा कोल्हापूरला गेलता तो गेलाच. माघारी आला नव्हता. आता या दोघीच.

मी म्हटलं, "नागुबाई, मैदान नवं करायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

"आड झाका," ती म्हणाली.

मी लिहिलं आणि थांबले. "आणखी?"

"आणखी काय? झोपाळा लिवा, तालीम लिवा, तुमास्नी काय पायजे ते लिवा. माझं येवढंच. वर फरशी घाला आन् पंप बसवा. निपाणीत एका वाड्यात बघिटलोय मी. दांडा हलीवला की पानी येतंय. पोर पडायचं म्हटलं तरी पडत न्हाय."

शालूनं माझ्या वहीवर भाकरीचा हात ठेवला. नागुबाईनं तो पुसून घेतला आणि म्हणाली, "मिटलं, जावा. भोंगा व्हईल."

घरी येऊन मी सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. झोपाळ्याला त्यांनी मान हलवली, तानीबाईच्या कट्ट्याला हसल्या, आणि 'पंप' ऐकल्यावर त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"पानी पंपातनं वर येतंय," त्या म्हणाल्या. "जिवाणी खाली कुठनं जाईल?"

आमच्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. गाळल्यावर फडक्यात जे राहतं त्याला जिवाणी म्हणतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण त्यात जीव आहेत. म्हणून गाळलेल्या पाण्यानं ते फडकं उलटं धुवायचं, आणि ते पाणी ज्या आडातलं, त्याच आडात परत सोडायचं. वरून ओतायचं नाही, जीव आपटतील. त्यासाठी बुडाला कडी असलेला एक लहान तांब्या असतो. दोन दोर. एका दोरानं तो पाण्यापर्यंत उतरवायचा, दुसऱ्यानं हलकेच कलता करायचा. आत्याबाई हे वयाच्या अकराव्या वर्षापासून, रोज दोनदा करत आल्या होत्या. ताप असला तरी.

कॉलेजात असताना आमच्या सरांनी एकदा काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवून भिंगाखाली दाखवला होता. त्यात इवलाली काहीतरी वळवळत होती. मी लग्न होऊन आल्यावर मोठ्या उत्साहानं आत्याबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? त्यात नवं काय?" त्या दिवसापासून जिवाणीला हसायची माझी प्राज्ञा नव्हती.

आणि हे पण सांगायला हवं, की त्या जिवांची कळकळ करणारी ही बाई मालूसाठी तीन दिवस जेवली नव्हती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पोर गेलं हो तिथं."

"मला म्हाईत न्हाय व्हय? कट्टा उंच करा. कमरंएवढा करा. मी म्हातारी टाचा वर करून सोडीन जिवाणी. पण झाकू नगासा. येका जिवासाठी दुसरे जीव मारायचं कुणी सांगितलंय?"

गल्लीतल्या साऱ्याच बायका तेच म्हणाल्या असत्या. कमरेएवढा कट्टा. बाकी कुणालाही तेवढा पुरला असता. मला पुरेना. कांता पेटीवर चढते, पेटीवरून कोनाड्यात चढते. कमरेएवढा कट्टा म्हणजे चढायला एक जागा झाली, एवढंच मला दिसत होतं. डोळे मिटले की मला त्या कट्ट्यावरून खाली लोंबणारे दोन पाय दिसायचे, आणि ते मालूचे नसायचे.

मग मला सुचलं. आड झाकता येत नाही, तर मैदानच बंद करावं. सभोवती भिंत, एक दार, दाराला कुलूप. बायका पाण्याला येतात तेव्हा सकाळ-संध्याकाळ उघडं. मोठी माणसं असतात, मुलं खेळोत. दुपारी कुणी नसतं. जे घडलं ते दुपारीच घडलं. अकरा ते चार कुलूप. जिवाणीही जाईल आणि मूलही पडणार नाही. मला फार हुशारीचं वाटलं ते. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

नागुबाईची ओळ मी खोडली आणि तिथं लिहिलं, 'नागुबाई व इतर स्त्रिया यांच्या मते उघडा आड धोक्याचा आहे. तरी मैदानास भिंत घालून दुपारच्या वेळी ते बंद ठेवावे.' अक्षर छान आलं होतं.

बस्तीच्या अंगणात दुपारी चारला बैठक झाली. सूर्य मावळायच्या आत आम्हाला जेवणं उरकायची असतात, म्हणून चारला. वखार पाचला सुटते. मारुतीराव मास्तरांनी दोन्ही याद्या वाचल्या. गड्यांना तालमीसाठी लाल माती हवी होती, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. मग माझी भिंत आली. पारिसा आप्पा पुढं सरकून बसले.

"हे बेस हाय," ते म्हणाले. "झोपाळा दोन वर्सांत मोडतोय. भिंत ऱ्हाती."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, नागुबाईचं म्हणणं पण हेच ना?"

मी हो म्हटलं.

एवढंच. एक शब्द. त्यावर कुणी काही विचारलं नाही. उलट परत येताना रत्नाक्का म्हणाल्या, "शिकल्याचा असा उपयोग होतो बघ. आम्ही आपलं झोपाळा झोपाळा करत बसलो."

गुंडू गवंड्यानं तीन महिन्यांत भिंत उभी केली, माणसाच्या खांद्याइतकी. आडाचा कट्टाही कमरेएवढा बांधला. लोखंडी गजांचं दार आलं, बाजूला पारिसा आप्पांच्या वडिलांच्या नावाचा दगड. बाभळी काढल्या, खडी उचलली. झोपाळ्याला काही उरलं नाही. किल्ली समोरच्या घरात, म्हणजे आमच्याकडे. सकाळी अकराला मी कुलूप लावायचं, चारला काढायचं.

पहिल्या दिवशी बाराएक पोरं गज धरून उभी राहिली. शालू त्यांत होती. थोडा वेळ त्यांनी दारच खेळायला घेतलं; चढली, लोंबकळली. मग गेली. दुसऱ्या दिवशी कमी आली. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. खिडकीसमोर नुसती स्वच्छ, मोकळी जमीन आणि मधे तो नवा कट्टा. कित्येक महिन्यांनी मी दुपारी झोपले. गाढ झोपले.

पोरं गेली कुठं, हा प्रश्न मला पडायला तीन आठवडे लागले. तोसुद्धा कांतानं पाडला. सकाळी ती मैदानात एकटीच फिरायची. आमच्या गल्लीतली मुलं सकाळी शाळेत, आणि वखारीतली आठलाच आयांबरोबर जायची. "शालू कुठाय?" ती म्हणाली. "मैदान चांगलं झालंय आणि शालूच नाही."

मी वखारीत गेले. त्याआधी दारापर्यंत गेले होते, आत कधीच नाही. आत गेल्या गेल्या नाकात, घशात, डोळ्यांत काहीतरी शिरलं. तंबाखूचा खकाणा. छपराच्या फटींतून उन्हाच्या तिरीपी येत होत्या आणि त्यांत तो पिवळा खकाणा उभा होता, खाली बसत नव्हता. तीस-चाळीस बायका, तोंडाला पदर बांधलेल्या, चाळण्या हलवत होत्या. कडेला पोत्यांवर पोरं. काही झोपलेली, काही झोपल्यासारखी. शालूच्या नाकावर फडकं बांधलं होतं. ती खोकली आणि फडकं हललं.

नागुबाईनं मला पाहिलं, चाळण थांबवली नाही.

"शालूला इथं का आणता?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

"मग कुठं ठेऊ? दुपारचं मैदानाला कुलूप हाय न्हवं."

"पण… तुम्हीच म्हणाला होता आडाचं—"

"मी आड झाका म्हटलो, बाई. पोरं झाका म्हटलो न्हवतो."

शेजारच्या दोघीतिघींच्या चाळण्या थांबल्या. मी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. जिवाणीचं, आत्याबाईंचं, कट्टा कमरेएवढा केला तरी मूल कसं चढतं त्याचं. ती ऐकून घेत होती. मधेच म्हणाली, "ते खरं असंल. तुमच्या देवाधर्माचं मी कशाला बोलू? आमी बी त्याच आडाचं पितोय. पर माझं नाव कशाला घातलासा त्यात? मुकादम मला म्हंतोय, तुझ्याच अर्जानं कुलूप लागलंय. ह्या बाया मला बोलत्यात."

मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "शालूला दुपारी माझ्याकडे पाठवा. कांताबरोबर खेळेल."

"आन् बाकीची अकरा?" नागुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अकराला कुलूप लावलं नाही. दार उघडं ठेवून, कांताला घेऊन, आडाच्या कट्ट्याशी पाट टाकून बसले. पोरं भीत भीत आली. मग धावायला लागली. मी त्यांना मोजत होते. कांता धरून तेरा. दहा मोजून व्हायच्या आत कुणीतरी जागा बदलायचं आणि मी पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. कुणी कट्ट्याच्या चार हात जवळ आलं की मी ओरडायचे, "लांब!" चारला आत्याबाई घागर घेऊन येईपर्यंत माझे खांदे दगडासारखे व्हायचे. असे तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी कांता ठेचकाळून पडली. मी तिचा गुडघा पुसायला वळले, आणि परत मोजलं तर बारा.

शालू आडाच्या पलीकडच्या बाजूला होती. कट्ट्यावर पोट टेकून, पाय अधांतरी, डोकं आत. ती आत हाक मारत होती आणि आडातून तिचाच आवाज तिला परत येत होता. कुणाला हाक मारत होती ते मी कधी विचारलं नाही. मी धावले, कमरेला धरून तिला मागं ओढलं, आणि मारलं. एकदा नाही. तिचा ओठ दातावर फाटला. मी तिला हलवत होते आणि काहीतरी किंचाळत होते. काय ते मला आठवत नाही, पण कांता त्यानंतर दोन दिवस माझ्या जवळ आली नाही.

पोरं जिथल्या तिथं उभी राहिली होती. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. तीन वाजायचे होते. ती एका ओळीनं वखारीकडे परत गेली. शालू शेवटी, ओठाला झग्याचं टोक धरून.

पाचला नागुबाई आमच्या दारात आली. पायरी चढली नाही.

"मारलासा व्हय?"

"भ्याले मी," मी म्हटलं. "ती पार आत वाकली होती. नागुबाई, मला वाटलं—"

"भितो की मी बी. रात्रंदिस भितो. माझी तर गेलीया." ती भांडायला आली नव्हती. दमलेली होती. "उद्यापास्नं उघडू नगासा. तुमी असं त्वांड करून बसता, पोरं काय खेळत्यात? शालू म्हंती, ती बाई आमास्नी मोजत बसती. वखारीत निदान कोन मोजत न्हाय."

त्या आठवड्यात मी पारिसा आप्पांकडे गेले. आड झाकायला हवा म्हणाले. नागुबाईचं खरं म्हणणं काय होतं आणि मी काय लिहिलं, तेही सांगितलं. वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत.

"फरशी घालाय माझी ना न्हाय, बाई," ते म्हणाले. "पर गल्लीतल्या बायकांस्नी इचारल्याबिगार मी त्या पान्याला हात लावनार न्हाय. तुझ्या सासूला इचार. ती व्हय म्हनली की समद्या म्हंत्यात."

"आणि नुसतं कुलूप काढलं तर?"

"काढ की. किल्ली तुझ्याकडंच हाय." मग म्हणाले, "पर परत कोन पडलं, तर ते तुझ्यावर. माझ्यावर एक हाय. मला ठावं हाय ते कसं असतंय."

आत्याबाई आडावर होत्या. संध्याकाळची जिवाणी सोडत होत्या. नव्या उंच कट्ट्यावर त्यांना छाती टेकावी लागत होती, टाचा वर उचललेल्या, दोन्ही हातांत दोन दोर. तांब्या पाण्याला टेकल्याचा अगदी बारीक आवाज आला. त्यांनी दुसरा दोर सावकाश ओढला. मी शेजारी उभं राहून सगळं सांगितलं. वखारीतला खकाणा, नाकावरची फडकी, शालूचा खोकला. माझी खाडाखोडही.

त्यांनी तांब्या वर घेतला, दोर गुंडाळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी मेल्यावर झाका," त्या म्हणाल्या. "लांब न्हाय आता. तवर मला ह्ये करू दे. येवढंच येतंय मला."

शिकलेल्या सुनेनं म्हाताऱ्या सासूला हे सोडा म्हणायचं, ते कशाच्या जोरावर? आणि मी हेही कबूल करते, की त्यांनी हो म्हटलं असतं तर बरं, असं मला वाटत होतं, ते सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं म्हणूनसुद्धा. कुलूप काढणं माझ्या हातात होतं. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी अकराला मी किल्ली घेऊन दाराशी गेले, आज लावायचं नाही असं ठरवून गेले. कांता माझं बोट सोडून आत पळाली, सरळ आडाकडे. मी तिला ओढून बाहेर आणलं आणि कुलूप लावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही लावलं.

पावसाळा गेला तरी शालूचा खोकला गेला नाही. दिवाळीनंतर कळलं, की नागुबाई तिला बेळगावजवळ कंग्राळीला पाठवतेय, आपल्या आईकडे. तिकडे शेत होतं, मोकळं होतं. नागुबाईला रजा नव्हती म्हणून तिचा चुलतभाऊ भरमू न्यायला आला होता. बेळगावची मोटार सकाळी सुटायची. मी कांताला आत्याबाईंपाशी ठेवलं आणि लाडवांचा डबा घेऊन थांब्यावर गेले.

शालू भरमूच्या मांडीवर, मोटारीच्या खिडकीशी बसली होती. मला बघून तिनं तोंड त्याच्या खांद्यात लपवलं. डबा नागुबाईनं घेतला, नाकारला नाही. खिडकीतून आत दिला.

"तिथं आड आहे का हो?" मी विचारलं. तोंडातून गेलंच ते.

"आडाबिगार गाव असतंय व्हय?"

"तुमच्या आईला चिठ्ठी लिहून देऊ का? खोकल्याचं औषध कसं द्यायचं, आडाकडे कसं लक्ष ठेवायचं… तुम्ही सांगाल तसं लिहिते. कागद आणलाय मी." खरंच आणला होता. कागद आणि पेन्सिल.

नागुबाईनं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"नगं, बाई," ती म्हणाली. "भरमू तोंडानंच सांगंल."

आणि खिडकीत वाकून तिनं माझ्यासमोरच त्याला सांगितलं, "आईला म्हन, हिला घरात कोंडू नगं. बाहेर सोड. पर कुनीतरी म्होरं बसत जावा म्हन, आन् मारू नगा."

"व्हय आक्का," भरमू म्हणाला. "ध्येनात ठेवतो."

मोटार हलली. नागुबाई तिच्याबरोबर दहा-बारा पावलं चालली, मग थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता वखारीच्या वाटेला लागली. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून ती घाईत होती.

मी कागद घडी करून कमरेला खोवला आणि घरी आले. अकरा वाजत आले होते.